चार जमिनी, एक पाऊस : रायपूरच्या धानमातीतील सूक्ष्मजीव आणि बदलते हवामान

छत्तीसगडच्या मैदानी भागातील शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरची मुरमाड, तांबूस, पाणी न धरणारी ती भाटा. उतारावरची पिवळसर, हलकी ते मध्यम ती मटासी. मटासी आणि काळी यांच्या मधली ती डोरसा. आणि सखल भागातील खोल, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी ती कन्हार. मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात त्यांना अनुक्रमे एन्टिसॉल, इन्सेप्टिसॉल, अल्फिसॉल आणि व्हर्टिसॉल म्हणतात. परंतु रायपूरच्या आसपासच्या गावांत ही नावे कोणी वापरत नाही आणि वापरण्याची गरजही पडत नाही. गावकऱ्यांची वर्गवारी पाण्यावर उभी आहे. कोणती जमीन पाणी किती काळ धरते आणि किती लवकर सोडते, एवढेच ती सांगते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी ही जुनी नावेही याच धर्तीची आहेत.

मातीतील सूक्ष्मजीवांचा विचार करताना ही जुनी वर्गवारी फार उपयोगी पडते. एकाच शिवारावर एकच पाऊस पडतो, पण भाट्यात तो चार तासांत निचरून जातो आणि कन्हारात चार दिवस साचून राहतो. पाण्याबरोबर मातीतील हवा बदलते, आणि हवा बदलली की कामाला लागणारे जीवही बदलतात. आता पाऊसच पूर्वीसारखा राहिलेला नाही. शिवाय त्या पावसाभोवती बसवलेली शेतीही बदलली आहे: कंबाइन यंत्राने कापणी, बांधीत जळणारे तणस, वाढता युरिया, विहीर-बोअरच्या पाण्यावरचे उन्हाळी धान. राज्यात खरिपात पस्तीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र धानाखाली असते आणि त्यातील मोठा भाग पावसावर अवलंबून आहे. या क्षेत्रात दिलेल्या नत्रापैकी किती पिकाला मिळते आणि किती हवेत जाते, धानानंतरचा हरभरा उभा राहतो की मरतो, हे बऱ्याच अंशी मातीतील जीवच ठरवतात.

पाळी बदलणारे कामगार

एक ग्रॅम सुपीक मातीत जिवाणूंची संख्या दहा कोटी ते शंभर कोटींच्या घरात असते. बुरशी, ॲक्टिनोमायसीट, शेवाळ, आदिजीव यांची गणती वेगळीच. प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर त्यांतील सुमारे एक टक्काच वाढतात. बाकीच्यांचे अस्तित्व त्यांच्या जनुकांवरून ओळखावे लागते. मात्र ही सारी मंडळी एकाच वेळी कामावर नसतात. कोणत्याही क्षणी त्यांतील बहुतेक सुप्तावस्थेत पडून असतात. ओल, उष्णता, प्राणवायू आणि अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब यांचा मेळ जुळला की एक गट जागा होतो, आणि मेळ बिघडला की तो झोपतो व दुसरा उठतो. हवामान बदलले म्हणून सूक्ष्मजीव ‘मरतात’ किंवा ‘वाढतात’ असे ठोकळेबाज विधान त्यामुळे फारसे कामाचे नाही. कोणाची पाळी केव्हा सुरू होते आणि किती काळ चालते, हे पाहावे लागते.

उष्णतेपुरते बोलायचे तर ढोबळ नियम सरळ आहे. ओल पुरेशी असेल तर तापमान वाढताच सूक्ष्मजीवांचा श्वास वाढतो आणि मातीतील कर्ब वायुरूपाने वेगाने बाहेर पडतो. पनामातील बारो कोलोराडो बेटावर उष्णकटिबंधीय जंगलाची माती कृत्रिमरीत्या चार अंश सेल्सिअसने तापवून दोन वर्षे मोजमाप केले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मातीतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून माती पाच अंशांनी तापवलेली आहे. तेथे आधी कर्बाचा ऱ्हास झपाट्याने झाला, मग सोपे अन्न संपल्याने तो थांबला, आणि पुढे सूक्ष्मजीवांचा समूहच बदलून कठीण सेंद्रिय पदार्थही कुजू लागल्यावर पुन्हा सुरू झाला. ही जंगलातील उदाहरणे आहेत, शेतातील नव्हेत. पण रायपूरच्या शेतकऱ्याने त्यांतून एक गोष्ट घ्यावी. ज्या भाटा-मटासी जमिनींत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी आहे, तेथे उष्णतेच्या प्रत्येक अंशाची किंमत कन्हारापेक्षा अधिक पडते, कारण तेथील कर्बाला चिकटून धरणारी चिकणमाती फारशी नसते.

पहिल्या सरीनंतरचे दोन आठवडे

मे महिन्यात रायपूरचा पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. वरच्या थरातील असंख्य जीव या काळात मरतात. बीजाणू करून राहणारे तेवढे टिकतात. जूनच्या मध्याला पहिली सर पडली की मातीचा जो गंध येतो, त्यातील मुख्य घटक जिओस्मिन हा स्ट्रेप्टोमायसीससारख्या ॲक्टिनोमायसीट गटातील जिवाणूंनीच बनवलेला असतो.

त्या गंधाबरोबर जमिनीत आणखी एक मोठी घडामोड होते. पूर्व आफ्रिकेत काम करणारे शास्त्रज्ञ एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. कोरडी माती अचानक भिजली की उन्हाळ्यात मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष आणि मातीच्या कणांतून मोकळा झालेला सेंद्रिय पदार्थ वाचलेल्या जीवांना एकदम उपलब्ध होतो. काही तासांतच त्यांचा श्वास अनेक पटींनी वाढतो. या धांदलीत सेंद्रिय नत्र अमोनियात आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतरित होते. मृगाच्या पावसावर उगवलेले पीक हिरवेगार दिसते, त्यामागे हे फुकटचे नत्र असते.

पूर्वीच्या चालीचा पाऊस असेल तर हा लाभ पिकाच्या पदरात पडे. पण मध्य भारताच्या पावसाची चाल बदलली आहे, ही आता नुसती गावगप्पा राहिलेली नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये १९५० ते २०१५ या कालावधीसाठी मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे नोंदवले. रायपूर या पट्ट्यातच येते.

सूक्ष्मजीवांच्या हिशेबात याचा अर्थ असा. एक सर, मग बारा-पंधरा दिवसांचा खंड, मग एका दिवसात मोठा पाऊस, असे झाले की बर्च परिणाम एकदा न होता तीन-चारदा होतो. प्रत्येक फेरीत थोडा कर्ब जळतो आणि थोडे नायट्रेट तयार होते. आणि ते घेण्याइतकी मुळे पिकाला फुटण्यापूर्वीच मुसळधार पाऊस येतो. भाट्यात ते नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपून जाते. कन्हारात पाणी साचते, प्राणवायू संपतो आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याच नायट्रेटचा श्वासासाठी वापर करून ते नत्रवायू व नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. नायट्रस ऑक्साइडची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डाय-ऑक्साइडच्या २७३ पट धरली जाते. नत्र शेतकऱ्याच्या जमिनीतून गेले, आणि वातावरणाचे नुकसान झाले ते वेगळे.

यावर उपाय मोठे नाहीत, पण वेळेवर करावे लागतात. आवत्या म्हणजे थेट पेरणीच्या धानात पेरणीबरोबर युरिया टाकू नये. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, मुळे फुटल्यावर पहिली मात्रा द्यावी. रोवणीच्या बांधीत पहिल्या पावसावर धैंचा पेरला तर मोकळे झालेले नायट्रेट त्याच्या अंगात साठते आणि चिखलणीच्या वेळी जमिनीत परत येते. उन्हाळी नांगरटीविषयीही थोडा विचार हवा. किडींचे कोष आणि रोगकारक बुरशी उन्हात मरावी यासाठी ती चांगली, आणि कन्हारासाठी ती योग्यच आहे. मात्र हलक्या भाट्यात दरवर्षी खोल नांगरट करून माती दोन महिने उघडी तापवण्याची शिफारस सरसकट करणे बरे नव्हे. तेथे धानाची धसकटे उभी ठेवून जमिनीवर सावली राखणे अधिक हिताचे.

साचलेल्या पाण्यातील क्रम

धानाची बांधी पाण्याने भरली की मातीतील प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. त्यानंतर जे घडते त्याला ठरलेला क्रम आहे. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट; आणि हे सारे संपत आल्यावर मिथेन बनवणारे आदिजिवाणू जोर धरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने या साखळीतील लोहाची पायरी सर्वांत महत्त्वाची. लोहयुक्त मटासीत स्फुरद लोहाला घट्ट बांधलेले असते. जिवाणूंनी लोहाचे रूप बदलले की ते बंधन सुटते आणि स्फुरद पिकाला मिळू लागते. पाण्याखालच्या धानाला गव्हाइतके स्फुरद बाहेरून द्यावे लागत नाही, त्याचे एक कारण हे आहे. लोह भरपूर असेल तर मिथेनची पाळीही उशिरा येते.

मध्येच पाऊस खंडला आणि बांधी फाटली की हा क्रम उलटा फिरतो. हवा आत शिरते, लोह पुन्हा गंजाच्या रूपात जाते, स्फुरद पुन्हा बांधले जाते, अमोनियाचे नायट्रेट होते. आठ दिवसांनी बांधी पुन्हा भरली की ते नायट्रेट हवेत. सिंचनाखालील धानात पाणी आलटून पालटून देण्याची आणि सुकवण्याची पद्धत मिथेन कमी करण्यासाठी सुचवली जाते व तिने मिथेन जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट असल्याने हा लाभ मोठा आहे. त्या पद्धतीत छिद्रे पाडलेली नळी बांधीत रोवतात आणि पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत गेल्यावरच पुढचे पाणी देतात. फुलोऱ्यात मात्र पाणी तुटू देत नाहीत. पावसावरच्या धानात हीच ओलवण-सुकवण आता आभाळ करते आहे, पण ती पिकाची अवस्था पाहून होत नाही आणि खताची मात्रा कधी दिली हेही पाहत नाही. म्हणून कोरडवाहू बांधीत युरिया देण्याची तारीख दिनदर्शिकेवरून ठरवण्यात अर्थ उरलेला नाही. पाणी उतरल्यावर, चिखल ओला असताना मात्रा द्यावी आणि पाणी धरण्याची शक्यता असेल तेव्हाच द्यावी.

छत्तीसगडची बियासी पद्धत या अनिश्चिततेत सर्वाधिक अडकली आहे. आवत्या पेरलेल्या धानात महिन्याभराने, बांधीत पाणी साचल्यावर हलका देशी नांगर फिरवायचा, तण गाडायचे, रोपे विरळ करून रिकाम्या जागी लावायची, ही ती पद्धत. तिच्यात गाडलेले कोवळे तण मातीतील जिवाणूंचे अन्न होते आणि काही आठवड्यांत पिकाचे नत्र. पण पाणीच साचले नाही तर बियासी लांबते, तण जून होते, आणि मग गाडलेले जून तण कुजताना सूक्ष्मजीव उलट मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात. नेमक्या फुटव्याच्या काळात पीक पिवळे पडते. अशा वेळी युरियाचे पोते फोडण्याकडे हात जातो, तो थांबवून आधी जमिनीतील ओल पाहिली पाहिजे.

बांधीच्या पाण्यावर आणखी एक गट असतो, ज्याची आठवण आता फारशी ठेवली जात नाही. धानाच्या बांधीत वरून नत्र न देताही पिढ्यान्‌पिढ्या बऱ्यापैकी उत्पादन कसे येते, या प्रश्नाचे उत्तर पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दिले. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, हे त्यांनी बंगालच्या धानमातीवर सिद्ध केले. एका हंगामात हेक्टरी वीस ते तीस किलो नत्र यातून मिळू शकते. हे शेवाळ व्यवहारी आहे. पाण्यात युरिया विरघळलेला मिळाला की ते नत्र स्थिर करण्याची मेहनत सोडून देते. युरिया पाण्यावर फेकला तर इतर शेवाळेही माजतात, दुपारी पाण्याचा सामू वर जातो आणि अमोनिया वायू होऊन उडतो. धानाला दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या वाट्याला साधारण ३० ते ४० टक्केच येते, त्यात या गळतीचा हिस्सा मोठा आहे. युरिया चिखलात मिसळला, किंवा उभ्या पाण्यावर फेकण्याचे टाळले, तर दोन्ही बाजूंनी बचत होते.

तणस : अन्न, इंधन आणि धूर

छत्तीसगडीत ज्याला पैरा म्हणतात ते आपले तणस. हाताने कापणी होती तोवर ते खळ्यावर येई, जनावरांना पडे आणि घुरव्यातून, म्हणजे उकिरड्यातून, शेणखत होऊन शेतात परत जाई. कंबाइन आल्यापासून ते बांधीतच पसरून राहते. त्याच्या बिया-मातीत गुंतलेल्या थरावर रब्बीची पेरणी अवघड म्हणून ते पेटवले जाते.

एक टन तणसात सुमारे पाच ते सहा किलो नत्र, पंचवीस किलोच्या आसपास पालाश आणि चारशे किलो कर्ब असतो. जाळल्यावर नत्र जवळजवळ सारे आणि कर्ब बहुतांशी निघून जातो. पालाशाचा बराच भाग राखेत उरतो, पण पहिल्या वाऱ्या-पावसात ती राखही हलते. आगीची झळ मातीच्या वरच्या दोनेक सेंटिमीटरांपर्यंत पोचते. एकदा जळालेल्या जागी सूक्ष्मजीव खालच्या थरांतून पुन्हा वर येतात, त्यामुळे ‘एका आगीने जमीन मेली’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. खरा तोटा दरवर्षी जाळण्याचा. त्यात जीव परत येतात, पण त्यांना खायला काही उरत नाही.

जाळू नये हे सांगणे सोपे. मग करावे काय, याचे उत्तर जमिनीनुसार निराळे आहे. तणसात नत्राच्या मानाने कर्ब साठ ते ऐंशी पट असतो. ते तसेच गाडून लगेच पेरणी केली तर कुजवणारे जीव पिकाच्या तोंडचे नत्र काढून घेतात. आणि रोवणीच्या तोंडावर, चिखलणीत गाडले तर मिथेन बनवणाऱ्यांना मेजवानी मिळते. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या गणनेत, लागवडीच्या तीस दिवसांपेक्षा आधी गाडलेल्या तणसाचा मिथेनवरील परिणाम, ऐन वेळी गाडलेल्या तणसाच्या एक पंचमांशाइतकाच धरला आहे. म्हणजे तेच तणस नोव्हेंबर-डिसेंबरात ओलीवर गाडले तर खत होते आणि जुलैत गाडले तर वायू. कन्हारात कापणीनंतर ओल टिकते, तेथे ते लगेच कापून मिसळता येते. भाट्यात ओल नसतेच. तेथे ते आच्छादन म्हणून वर ठेवावे किंवा खड्ड्यात नेऊन कंपोस्ट करावे.

कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींच्या बाटल्या व कॅप्सूल आता सर्वत्र मिळतात. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राचे ‘वेस्ट डिकंपोजर’ आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा डिकंपोजर’ ही त्यांतील परिचित नावे. त्यांचा उपयोग आहे, पण कोरड्या तणसावर फवारून आठ दिवसांत चमत्कार होईल ही अपेक्षा ठेवू नये. ओल आणि थोडे नत्र मिळाले तर मातीतील स्थानिक बुरशीही ते काम करते. ओल नसेल तर बाटलीतीलही करू शकत नाही. डिसेंबरच्या थंडीत दोघेही मंदावतात.

या प्रश्नाला जनावरांचीही एक बाजू आहे. कापणीनंतर गुरे मोकाट सोडण्याची प्रथा छत्तीसगडात जुनी आहे. ती रोखण्यासाठी गावाने एकत्र ठरवून गुरे अडवायची या ‘रोका-छेका’ परंपरेला राज्य शासनाने जून २०२० मध्ये मोहिमेचे रूप दिले, आणि २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, दोन रुपये किलो दराने शेण खरेदी करणारी गोधन न्याय योजना सुरू केली. गोठाणांसाठी पैरादानाचे आवाहनही झाले. योजना येतात-जातात, परंतु मोकाट गुरे, जळणारे तणस आणि मातीतील कर्ब हे एकाच दोरीचे तीन पदर आहेत, हे त्या काळात प्रथमच प्रशासकीय पातळीवर मान्य झाले.

धानानंतर : तिवडा आणि हरभरा

धान कापणीला पंधरा-वीस दिवस असताना, ओलसर बांधीत उभ्या पिकातच तिवडा म्हणजे लाखोळी किंवा जवस फोकून द्यायचे, ही उतेरा पद्धत छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ यांची समान ठेव आहे. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. लाखोळीच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम नत्र स्थिर करतात आणि त्याचा काही भाग पुढच्या धानाला मिळतो. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने विषारी घटक कमी असलेले ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे वाण देऊन या पिकाची जुनी अडचण बरीच दूर केली आहे. आता अडचण वेगळी आहे. कंबाइनची चाके कोवळ्या रोपांवरून जातात, मोकाट गुरे उरलेली खातात, आणि ऑक्टोबरात पाऊस लवकर थांबला तर बी रुजतच नाही. जेथे तिवडा सुटला तेथे मातीला वर्षातून एकदा मिळणारे नत्र सुटले. त्या गटाचे रायझोबियमही, यजमान पीक अनेक वर्षे न मिळाल्यास, हळूहळू विरळ होत जातात. दहा वर्षांनी पुन्हा लाखोळी घेणाऱ्याने बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरू नये. लाखोळी, वाटाणा व मसूर यांचे रायझोबियम एकच. हरभऱ्याचे निराळे आणि सोयाबीनचे त्याहून निराळे. दुकानात ‘कडधान्याचे कल्चर’ म्हणून मिळणारे पाकीट कोणत्या पिकाचे आहे, हे वाचूनच घ्यावे.

हरभऱ्यात मात्र मातीतील जीव शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूलाही उभे राहतात. धानानंतर ओल अधिक, वर न कुजलेले तणस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उष्णता २५ ते ३० अंश असेल, तर स्क्लेरोशियम रॉल्फ्साय ही बुरशी त्या तणसावरच वाढते आणि तेथून रोपाच्या मानेवर येते. पेरणीनंतर पहिल्या पाच-सहा आठवड्यांत रोपे पिवळी पडून कोलमडतात. मानेजवळ पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारख्या गोळ्या दिसतात. ही मानकूज. त्याच शेतात रब्बी पुढे कोरडी गेली आणि फुलोरा-घाट्यांच्या वेळी तापमान तिशीच्या वर चढले, तर रायझोक्टोनिया बटाटिकोला जागी होते. झाड गवताच्या काडीसारखे वाळते, उपटले तर सोटमूळ ठिसूळ होऊन तुटते आणि उपमुळे जवळजवळ नसतातच. ही कोरडी मूळकूज. मध्य व दक्षिण भारतात ती हवामानबदलाबरोबर वाढणारा रोग म्हणून गणली जाऊ लागली आहे.

देशात ताणांवर काम करणाऱ्या दोन संस्था आहेत. बारामतीजवळ माळेगावची संस्था उष्णता, दुष्काळ, क्षार अशा अजैविक ताणांवर काम करते. रायपूरजवळ बरोंडा येथील संस्था कीड-रोगांच्या जैविक ताणांवर, आणि तिचे नवे संकुल २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. हरभऱ्याच्या सोटमुळाला मात्र ही विभागणी मान्य नाही. तेथे दुष्काळ आणि बुरशी एकत्रच येतात.

मानकुजीवर तणस वरच्या थरातून हलवणे वा आधी कुजवणे, आणि वाफसा आल्यावर, उष्णता थोडी उतरल्यावर पेरणी करणे हा पहिला उपाय. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा जमिनीत देणे हा दुसरा. ट्रायकोडर्मालाही ओल आणि सेंद्रिय अन्न लागते, म्हणून कोरड्या भाट्यात नुसती पावडर भुरभुरून उपयोग नाही. कोरड्या मूळकुजीसाठी लवकर तयार होणारा वाण आणि शक्य असल्यास फुलोऱ्यापूर्वी एक हलके पाणी, एवढेच भरवशाचे आहे.

रायपूरच्या उत्तरेस उरला-सिलतरा पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत आणि त्यांची काळी धूळ पिकांवर बसते, ही तेथील नित्याची तक्रार. मातीत जड धातू साठले तर काय होते, याचा धडा इंग्लंडमधील वोबर्नच्या प्रयोगातून मिळाला. तेथे धातूयुक्त सांडपाण्याचा गाळ देणे १९६१ मध्ये थांबले. पण दोन दशकांनंतरही त्या मातीत पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवर गाठी येत, नत्र मात्र स्थिर होत नसे. काम करणारे रायझोबियम नाहीसे झाले होते आणि निकामी तेवढे टिकले होते. अशा पट्ट्यात लाखोळी वा हरभऱ्याच्या गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी-लाल असतील तर काम चालू आहे. पांढरट-हिरव्या असतील तर नुसती गाठींची संख्या मोजून समाधान मानू नये.

मोजमाप

१९ फेब्रुवारी २०१५ पासून देशभर दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा नोंदी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. जिवंत घटकाची नोंद एकही नाही. प्रयोगशाळांना सूक्ष्मजीवांतील कर्ब किंवा डीहायड्रोजनेज विकराची क्रिया मोजता येते, पण गावपातळीवर ती सोय नाही. तोवर सेंद्रिय कर्बाचा आकडा हाच जवळचा निर्देशक. तो दरवर्षी एकाच महिन्यात, एकाच बांधीतून आणि पहिल्या पावसापूर्वी घेतलेल्या नमुन्यावर पाहिला तरच तुलना होते. पावसानंतरचा आणि उन्हाळ्यातला नमुना शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. याच्या जोडीला एक घरगुती चाचणी आहे. सुती कापडाच्या सारख्या मापाच्या पट्ट्या भाटा, मटासी आणि कन्हार अशा तिन्ही जागी चार बोटे खोल पुरायच्या, दोरीने खूण ठेवायची आणि सहा आठवड्यांनी काढायच्या. ज्या बांधीतली पट्टी हाती फाटक्या जाळीसारखी येते तेथे कुजवणारे जीव कामावर आहेत. जेथे ती जवळजवळ अखंड निघते तेथे ओल, हवा किंवा अन्न यांपैकी काय कमी आहे ते शोधावे. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी गटाच्या बैठकीत अहवालातील आकड्यांऐवजी या पट्ट्या ठेवून पाहाव्यात.

जिवाणू खतांच्या बाबतीत खत नियंत्रण आदेशानुसार पावडर स्वरूपात प्रति ग्रॅम किमान पाच कोटी आणि द्रवरूपात प्रति मिलिलिटर दहा कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे. ही संख्या कारखान्याच्या दारातली. एप्रिल-मे महिन्यांत रायपूरच्या एखाद्या कृषी केंद्राच्या पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटात जूनपर्यंत त्यांतील किती उरतात, हे पाकिटावर छापलेले नसते. म्हणून रब्बीसाठीची पाकिटे ऑक्टोबरातच, उत्पादनाची तारीख पाहून घ्यावीत, माठाजवळ किंवा घरातील थंड कोपऱ्यात ठेवावीत, आणि बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक व सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक लावून, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.